खोलीचा आवाज

मी मूळची जीवशास्त्राची.
बेडकाचं हृदय, कप्पे तीन, नावे द्या.
आता शनिवारी चौथ्या तासाला चित्रपट शिकवते.
अकरा दिवसांचं प्रशिक्षण, एक प्रमाणपत्र,
आणि ट्रस्टींच्या पुतण्याने दिलेला जुना कॅमेरा,
ज्याचं झाकण रबरबँडवर टिकून आहे.

वर्ग भरतो प्रयोगशाळेतच.
फॉर्मॅलिनमधला साप बरणीतून बघत असतो
नववी ब चे एकेचाळीस दिग्दर्शक.
(अभिनेते त्याहून जास्त. लेखक एकही नाही.)

पुस्तिकेत, पान तेवीसवर, लिहिलं होतं:
शूटिंग संपलं की एक मिनिट कुणी हलायचं नाही,
नुसता खोलीचा आवाज टिपून घ्यायचा.
संकलनात जिथे फट पडेल तिथे तो भरावा लागतो,
नाहीतर पडद्यावरची माणसं
बोलता बोलता विहिरीत पडल्यासारखी वाटतात.

"पण बाई, कुणी बोलतच नसेल तर आवाज कशाचा?"
ऑल्विन तुस्कानो.
म्हटलं, मलाही माहीत नाही. ऐकू या.

असल्फ्यात एक मिनिट मिळणं सोपं नाही.
पहिल्यांदा विमान गेलं, इतकं खालून
की बरणीत साप डुलला.
दुसऱ्यांदा पुंडलिकमामांनी घंटा दिली.
तिसऱ्यांदा यज्ञेश हसला,
कारण कौस्तुभ हसणार असं त्याला वाटलं.
चौथ्यांदा मीच शिंकले.

पाचव्यांदा
रुखसार मुकादम टेबलावर उभी,
फरशी पुसायच्या काठीला बांधलेला माइक
दोन्ही हातांनी डोक्यावर धरून.
माइकवर तिच्या धाकट्या भावाचा मोजा.
पंखा प्रत्येक तिसऱ्या फेरीला कण्हत होता.
बेसिनचा नळ.
खाली मैदानात कुणीतरी एकट्यानेच
भिंतीवर चेंडू मारत होतं.
टेकडीवरच्या कुठल्यातरी घरातून कुकरची शिट्टी,
मग बराच वेळ काही नाही,
आपण सगळेच दुसरीची वाट बघत.
आणि या सगळ्याच्या खाली, चटईसारखा अंथरलेला,
एकेचाळीस जणांचा श्वास.
सतरा वर्षं मी श्वसन शिकवलं,
आकृती काढा, चार गुण.
श्वास ऐकला नव्हता.

दिवाळीनंतर रुखसार आली नाही.
उतारावरची त्यांची अख्खी ओळ खाली करून घेतली होती.
कुणी म्हणालं माहूलला गेले, कुणी म्हणालं मुंब्र्याला, मामाकडे.
दाखला न्यायला चुलते आले तेव्हा
मी सातवीला परागीभवन शिकवत होते.

फिल्म चार मिनिटांची झाली.
एक हरवलेली छत्री, तीन चोर, शेवटी मुख्याध्यापक.
पहिल्याच फेरीत बाद.
परीक्षकांनी पेन्सिलीने शेरा दिला: ध्वनी बरा.

संकलनाच्या दिवशी
कानांवर हेडफोन दाबून ऑल्विन म्हणाला,
"बाई, सव्विसाव्या सेकंदाला काहीतरी वाजतंय."
बांगडी. काचेची. दुसरीला एकदाच लागलेली.
हात भरून आला असेल,
तिने काठी जराशी या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली असेल.
इतक्या हळू, की आम्हा कुणाला दिसलं नाही.
"पुसू? पुसता येतं."
मी म्हटलं, आधी फटी मोज.
सात निघाल्या.
सातही ठिकाणी आम्ही तेच मिनिट अंथरलं,
सव्विसावा सेकंद धरून.
म्हणून तर मुख्याध्यापक छत्री उघडतात तेव्हा
त्यांच्या मनगटावर कुठलीशी बांगडी वाजते.
स्नेहसंमेलनात कुणी विचारलं नाही.
ऑल्विनने माझ्याकडे बघितलं, आणि मग चपलांकडे.

यंदा नवी तुकडी. कॅमेऱ्यासाठी नुसती भांडणं.
मी कॅमेरा कपाटात ठेवते, आधी काठी देते,
आणि एक मिनिट.
पुंडलिकमामा दारातून डोकावतात,
एवढी पोरं आणि एवढी गप्प बघून घाबरतात,
टोपी काढतात, कुजबुजतात,
"बाई, कोणी गेलं का?"

मी ओठांवर बोट ठेवते.
अजून नऊ सेकंद.